चार बोटं माया

कोट आता माझ्या मांडीवर आहे. माझी पोर हिरा काल सुसवरून आली, गाडीतून उतरली आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी पिशवी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आबा, मामाच्या घरातलं सामान काढताना घावलाय. बघा वळखू येतोय का." मी पिशवीत हात घातला. डोळ्याच्या आधी हाताला कळलं. जाड कापड. एका अंगानं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर टोचतं. आणि वास डांबरगोळीचा. आमच्या घरात डांबरगोळी कधी नव्हती, आम्ही कपड्यांत निरगुडीचा पाला घालायचो. म्हणजे हा वास दत्तूच्या घरातला. चाळीसहून जास्त वर्षं माझा कोट दत्तूच्या घरात राहिला आणि वासानं त्याचा झाला.

दत्तू म्हणजे माझा मेहुणा, हिराच्या आईचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मलाही कळतं. पण पिशवीतून तो वास वर आला आणि पहिल्यांदा आला तो रागच. मी चौथीपर्यंत शिकलो, तीसुद्धा पुरी नाही. लिहायचं मला वळण नाही. तरी लिहितो, कारण हिराला हे तोंडावर सांगणं मला जमणार नाही, आणि ज्या माणसाशी ह्यावरून भांडलो असतो ती हिराची आईही आता नाही.

माझ्या लहानपणी पोराला थंडीत काय घालावं हा प्रश्नच नव्हता. घोंगडी होती. घोंगडीला माप नसतं. तीच बापाला, तीच पोराला. एक कोपरा आत दुमडून खोळ केली आणि डोक्यावर टाकली की पाच वर्षांचं पोर चालतं-बोलतं घोंगडं व्हायचं, खालून नुसती पावलं दिसायची. धनगराकडून आणलेली नवी घोंगडी दोन महिने मेंढरासारखी वास मारायची. पहाटे गोठ्यात गेलं की म्हशीच्या अंगाची ऊब, घोंगडीचा वास आणि पेंढ्याचा वास हे सगळं एकच वाटायचं. आमचं गाव मुळशी धरणाच्या पाण्याकाठी. थंडीत पाण्यावरून धुकं उठायचं आणि सरपटत घरापर्यंत यायचं. समोरचा डोंगर उन्हं वर येईस्तवर नसायचाच. नुसता भोरड्यांच्या थव्याचा आवाज यायचा, भोरड्या दिसायच्या नाहीत.

अशाच एका धुक्यातून दत्तू आला. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. तो पुण्यात कारखान्यात होता, दोन खोल्यांत राहायचा, मूलबाळ नव्हतं. सकाळच्या येष्टीनं उतरला आणि बगलेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. हिरा तेव्हा सात-आठ वर्षांची. तिनं पेपर फाडला नाही, नखानं डिंक सोडवत सोडवत उलगडला. आत लाल स्वेटर. लालबुंद, पुढं पांढरी बटणं. तिनं घातला तर काय सांगू. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट, कुठं एक सुरकुती नाही. तिच्या अंगावरच कुणी बसून विणल्यासारखा.

शेजारची बाई बघायला आली. म्हणाली, "अगं बया, मामानं डोळ्यानंच माप घेतलं जणू!"

मी विचारलं, "दत्तू, तू आलास गणपतीला. तवापासनं पोर वाढली. तुला माप कसं कळलं रे?"

"आक्कानं धाडलं हुतं की, दाजी."

हिराच्या आईनं चुलीत फुंकर मारली. फुंकायची काही गरज नव्हती, जाळ चांगला होता. मग कळलं ते असं. हिरा दुपारची निजली असताना तिनं सुताचा दोरा घेऊन तिचं माप घेतलं होतं. बाहीला एक गाठ, छातीला एक गाठ, उंचीला एक. आणि तो दोरा कागदात घालून दुधवाल्याच्या हाती पुण्याला पाठवला होता. माझ्या पोरीचं माप तीन गाठी मारून माझ्या घरातून बाहेर गेलं आणि मला पत्ता नाही.

"मला इचारायचं तरी," मी म्हणालो.

"अवं, इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

ते खरं होतं. म्हणून जास्तच झोंबलं.

हिरा तो स्वेटर अंगावेगळा करीना. शाळेत तोच, गुरांमागं तोच, निजताना तोच. चुलीपुढं बसली की बाही नाकाशी नेऊन हुंगायची. एकदा माझ्या नाकाशी धरली. म्हणाली, "आबा, वास घ्या. मामाचा वास येतो." मी घेतला. साबणाचा आणि पेपराच्या शाईचा वास होता. मी म्हणालो, "कसला मामाचा, लोकरीचा हाय." पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या अंगाला कसला वास येत असेल, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात आणलं. शेणाचा, विडीचा, ओल्या पेंढ्याचा. तो वास कुणी बाहीत घेऊन हुंगत नाही.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. पाटाचं पाणी तोडलं तर मी भांडायला कचरलो नसतो, बांध कोरला तर कुऱ्हाड घेऊन उभा राहिलो असतो. पण वीतभर लाल लोकरीशी भांडायचं कसं? मग मी ठरवलं. स्वेटर काय, एका सालाचा. पोर वाढली की संपला. मी असं काहीतरी करतो की ते सालोसाल पुरेल आणि त्याच्याखाली हा लाल स्वेटर झाकून जाईल. कोट. गावात कुणाच्या पोरीला कोट नव्हता.

हिराला घेऊन मी पौडाला गेलो. कापडाच्या दुकानात गडी एकेक ठाण फळीवर आपटायचा आणि ते गडगडत उलगडायचं. खळीचा वास सुटायचा. हिरानं एका फुलाफुलांच्या कापडावर हात ठेवला, मी तो उचलून दुसऱ्यावर ठेवला. गडद हिरवं, जाड, भातखाचरात पीक पोटरीला येतं तेव्हाचा हिरवा. गडी म्हणाला, "हे मोठ्या माणसांचं हाय." मी म्हणालो, "मग बरोबर हाय."

शिंप्याचं काम इस्माईलभाईकडं. पौडात तीन पिढ्यांचं त्यांचं घर, पुढच्या पडवीत मशीन. आमच्या अख्ख्या खोऱ्याची लग्नं त्या मशीनवरून गेलेली. कोळशाच्या इस्त्रीचा, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा मिळून एक वास तिथं असायचा, तो मला आजही पौडाच्या रस्त्याला लागलं की येतो, दुकान जाऊन तिथं मोबाईलवाला आला तरी. त्या दिवशी पडवीत आणखी तीन-चार माणसं बसलेली. इस्माईलभाईनं टेप गळ्यातून काढली.

"ये बाई, तो लाल काढ. माप घेतो."

"काढू नको," मी म्हणालो. "वरनंच घ्या. हा आत झाकला पायजे."

"झाकला पायजे म्हंजी?"

"म्हंजी दिसता कामा न्हाई. गळ्याला न्हाई, बाहीला न्हाई, कुटंच न्हाई."

"पाव्हणं, कोट शिवायचाय का स्वेटराला खोकं करायचंय?"

बसलेली माणसं हसली. इस्माईलभाई गुडघ्यावर बसून हिराची बाही मोजू लागला. मी म्हणालो, "आन लगीन होईस्तवर पुरला पायजे."

"तवर मी तरी पुरंन का," तो म्हणाला. "असं करू. आज अंगात बसंल असा शिवतो. आन माया ठिवतो चार-चार बोटं. सगळी आत. पोर वाढंल तसं सालाला थोडं थोडं उसवायचं. काय?"

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या घरात शिवलेले कपडे असायचेच किती! मला वाटलं, हा माणूस चारचौघांत मला शिकवतोय. पोरीवर माया किती ठेवायची आणि कुठं ठेवायची ते. आधीच महिनाभर माझ्या डोक्यात तेच चाललेलं. माझं टाळकं फिरलं.

"माया किती ठिवायची ते तुमी सांगनार मला?" मी ओरडलो. "चार बोटं? माझ्या पोरीवर चार बोटं माया? आन ती बी आत दडवून? का, मी काय चोरी केलीया? बाहेर दिसू द्या समद्यांला!"

मशीनवर बसलेल्या कारागिराचे पाय थांबले. मग जे हसणं सुटलं, ते मी अजून विसरलो नाही. एकाच्या डोळ्यात पाणी आलं. इस्माईलभाई हसला नाही. त्यानं हळू आवाजात सांगितलं, "कापडाची म्हनतो मी. कापडाची माया. ती आतच असती, पाव्हणं. ती बाहेर आली की नुसतं कापाड झालं."

तिथं मी हसलो असतो तर सगळं निराळं झालं असतं. पण मला हसता आलं नाही. हिरा माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "मला समजलं. तरीबी बाहेरच. एक बोट आत ठिवायचं न्हाई. मोठा म्हंजी मोठा शिवा."

"बघा हां. पोर लहान हाय."

"वाढंल."

त्यानं हिराच्या डोक्यावर हात ठेवला आणि कापडावर खडूनं रेघ ओढली, लांबच लांब.

असा तो कोट झाला. घरी आणून घातला तर हिरा दिसेना. खाली घोट्यापर्यंत, बाह्या गुडघ्यापर्यंत. हिराची आई एवढंच म्हणाली, "स्वेटर दिसत न्हाई, हे मातुर खरं."

शाळेत पोरं ओरडायची, "कोट आला, कोट आला, हिरा कुटं हाय?" हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तिनं कधी सांगितलं नाही. रोज सकाळी माझ्यापुढं बटणं वरपासून खालपर्यंत लावायची आणि धुक्यात शिरायची. मी ओट्यावर उभा राहून बघायचो. धुक्यात तो हिरवा रंग जरा वेळ दिसायचा, मग जायचा. माझ्या मनाला थंड वाटायचं. जिंकलो म्हणायचो.

एकदा गवत आणायला उशिरा निघालो तर ओढ्याच्या अलीकडं करवंदीच्या जाळीवर काहीतरी हिरवं दिसलं. कोट. नीट चौघडी घातलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा. म्हणजे पोर माझ्यापुढून कोट घालून निघायची, इथवर यायची, काढायची आणि लाल स्वेटरात शाळेत जायची. मी भाऱ्याचं विसरलो. शाळा सुटायच्या वेळेला बांधाआड बसून राहिलो. ती आली. आधी धोंडा उचलून जागेवर ठेवला. मग कोट झटकला, मुंग्या होत्या त्या एकेक टिपल्या, कोट घातला आणि सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. मग घराकडं चालू लागली. मी तिला काही बोललो नाही. हिराच्या आईलाही सांगितलं नाही. मुंग्या टिपणारी तिची बोटं मला दिसली होती, पण डोळ्यांपुढं राहिला तो स्वेटरच.

मग मी पोरीच्या वाढीवर टपून बसलो. आमच्या जुन्या घराच्या दाराला सागाची चौकट होती. दर पाडव्याला गुढी उभी केली की हिराला चौकटीला पाठ लावून उभी करायचो, डोक्यावर कोयता आडवा धरायचो आणि लाकडावर खाच मारायचो. ती डोळे गच्च मिटायची. कडुनिंबाचा कडूपणा तिच्या तोंडात तेव्हा असायचा, म्हणून तोंड वेडंवाकडं. पूर्वी वर्षाला एक खाच. आता मला महिन्या-महिन्याला धीर निघेना. "उभी ऱ्हा गं जरा," म्हणायचो. बाप पोरीच्या उंचीचं कौतुक करतो, मी मात्र स्वेटराची मरणघटका मोजत होतो. दोन थंड्यांत बाही मनगटावरून वर सरकली. मी मनात म्हटलं, आता! तर हिराच्या आईनं काळी लोकर मिळवून बाह्यांना आणि खाली चार-चार बोटं विणून टाकली. लालला काळी किनार, आणखीच शोभू लागला.

कोट अजून मोठाच होता.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं पौडाला, नाहीतर गुरांमागं. त्या वैशाखात दत्तू आला. राब भाजून झालेले, शिवारभर जळक्या पाल्याचा वास, धरणाचं पाणी हटून काठची जमीन भेगाळलेली. ओट्यावर बसून त्यानं सरळच काढलं.

"दाजी, हिराला मी न्हेतो. शिकंल."

"तुला पोर न्हाई म्हनून माझी पायजे व्हय?"

हे मी बोललो. बोललो ते बोललो, आज खोटं कशाला सांगू. दत्तूनं मान खाली घातली. घरातून भांड्यांचा आवाज यायचा थांबला. मग हिराची आई दारात आली आणि तिनं पहिल्यांदा आणि शेवटचं मला माझ्या नावानं हाक मारली. नुसतं नाव.

मी हिराला विचारलं, "जाशील?"

ती म्हणाली, "जाईन."

एवढ्या पटकन. मला वाटलं होतं, जरा थांबेल. चौकटीकडं बघेल, माझ्याकडं बघेल. मी आत गेलो, खुंटीवरचा कोट काढला आणि दत्तूच्या मांडीवर टाकला. "न्हे. पर ह्यो बी न्ह्यायचा. ह्यो जाईल तरच ती जाईल."

दत्तूनं कोट उभा धरला, आतून-बाहेरून बघितला आणि वातावरण हलकं करायला म्हणाला, "दाजी, ह्यात हिरा, मी आन तिची मामी, तिघं बी एका तिकिटावर पुण्याला जाऊ."

हिरा हसली. तिनं हसायला नको होतं.

दोन वर्षांनी मी थंडीत पुण्याला गेलो. कळवलं नव्हतं. दोन किलो आंबेमोहोर, नाचणीचं पीठ आणि काकवीची किटली घेऊन दुपारी दत्तूच्या दारात. हिरा शाळेत होती. मामी शिवणाच्या मशीनवरून उठली, मला बसायला दिलं, चहा ठेवला. मी खोलीभर डोळे फिरवले. खुंटीवर दत्तूची पँट, हिराची ओढणी, मामीचं पातळ. कोट नाही. ट्रंकेवर घड्या होत्या, त्यांत हिरवं काही नाही. आणि फळीवर एक नवंकोरं स्टीलचं पातेलं, लखलखीत, माझं तोंड दिसत होतं त्यात. त्या वाड्यांतून बोहारणी फिरायच्या, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायच्या, मी जिन्यात एकीला बघून आलो होतो. मला कुणी सांगायची गरज उरली नाही. जाड कापड, मोठा कोट, एवढ्यावर एवढं पातेलं सहज येतं.

मामी म्हणाली, "बसा, हिरा येईलच तासाभरात. तिला किती आनंद होईल."

"येष्टी जाईल," मी म्हणालो.

"अहो, संध्याकाळी आहे ना दुसरी."

"मला हीच पायजे."

चहा अर्धा टाकून उठलो. विचारलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण दत्तूच्या घरात उभं राहून माझा कोट कुठं आहे म्हणून मी विचारायचं? नाही विचारलं. पुढंही नाही. हिरा दिवाळीला यायची, मे महिन्यात यायची, नवे कपडे घालून, मामाच्या गोष्टी घेऊन. मामा सिंहगडावर घेऊन गेला. मामानं सायकल शिकवली. दर खेपेला ती उंच व्हायची आणि मी चौकटीवर खाच मारायचं सोडून दिलं, कारण पाडव्याला ती माझ्याकडं नसायची. तिच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी मामा पाठीशी उभा राहतो, ती रीतच आहे. मी रीत म्हणून बघितलं. पण तिचे डोळे भरून आले आणि तिनं आधी मागं वळून बघितलं, हे मी लिहून ठेवतो. आणि दत्तूच्या घरी त्यानंतर कितीदा जेवलो असेन, पण त्या पातेल्यातला भात मी कधी ताटात घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणायचो. मामीला वाटायचं मला भातच चालत नाही. मुळशीचा माणूस, आणि भात चालत नाही!

काल हिरानं कोट पिशवीतून काढून माझ्या मांडीवर पसरला. मी म्हणालो, "बोहारणीनं परत आणून दिला वाटतं."

"कसली बोहारीण?"

मी सांगितलं. पातेल्याचं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. आता तिचेही केस पांढरे झालेत. आधी हसली, मग हसायची थांबली.

"आबा, ते पातेलं मामाला कारखान्यात मिळालं हुतं, दिवाळीला. आन त्या दिशी कोट कसा दिसंल तुमाला खुंटीवर? मी घालून गेलते ना शाळंत. रोज घालायची थंडीत. परत आले तर काकवीची किटली हुती आन तुमी न्हवता. मी तशीच, कोट घालून, स्वारगेटपतुर पळत गेले. गाडी सुटली हुती."

मी कोटावर हात फिरवत राहिलो, नुसता हाताला काम म्हणून. तेव्हा बोटाला लागलं. खालच्या काठाला एक मोड, त्याच्या वर दुसरी, आणखी वर तिसरी. कापड उलटं केलं, चष्मा लावला, दारात उजेडाला आलो. इस्माईलभाईचा दोरा हिरवा होता. हे काळ्या दोऱ्याचे तुटके धागे निराळे, जुन्या टिपेच्या भोकांत अडकून राहिलेले. मामीच्या मशीनचे. तिनं एक कात्री लावली नव्हती. सगळा लांबलचक कोट आत घेऊन चार दुमडी घालून टाकल्या होत्या, खाली आणि बाह्यांत. हिराच्या अंगाबरोबरचा केला होता. जी माया मी पौडात आत ठेवू दिली नाही, ती तिनं ठेवली. आणि मग सालाला एक दुमड उसवत गेली. वरचं कापड उन्हानं विटलेलं, त्याखालचा पट्टा जरा गडद, त्याखालचा आणखी गडद, तिसरा त्याहून गडद. झाड कापल्यावर कळतं तसं कळत होतं, कुठल्या थंडीला पोर कुठवर होती.

"उसवायचं कोन?" मी विचारलं. मला तेवढंच विचारायचं होतं.

"मामा. दिवाळी झाली की ब्लेड घेऊन बसायचा. म्हनायचा, हलू नको, दाजीच्या कोटाला ब्लेड लागलं तर माझी मान जाईल."

दाजीचा कोट. त्याच्या घरात त्याला दाजीचा कोट म्हणायचे. हे ऐकून मन निवायला पाहिजे होतं. निवलं थोडं. पण खरं सांगायचं तर लगेच दुसरं जळू लागलं. तीन थंड्या पोर त्याच्यापुढं हात पसरून उभी राहिली, त्यानं तिचं मनगट धरलं, एकेक टाका सोडवला, आणि ती बोटभर वाढलेली पहिल्यांदा त्यानं बघितली. ते माझं काम होतं. मी शिंप्याशी भांडलो नसतो तर ते ब्लेड माझ्या हातात असतं.

नवं घर बांधलं तेव्हा जुनी चौकट मी मोडू दिली नाही, गोठ्याला लावली. आज सकाळी कोट घेऊन गोठ्यात गेलो. म्हशी आता नाहीत, माझ्या नातवाची मोटरसायकल असते तिथं, पण कोपऱ्यात पेंढ्याचा वास अजून राहिलाय. चौकटीवरच्या खाचा हातानं चाचपल्या. दहाव्या सालापाशी थांबतात. त्याच्यावर कोरं लाकूड. पुढच्या तीन खाचा ह्या कापडावर आहेत, दत्तूच्या हातच्या.

मग माझ्या ध्यानात आलं. दुमडी चार, उसवलेल्या तीन. चौथी अजून काळ्या दोऱ्यानं शिवलेलीच.

ओट्यावर येऊन हिराला विचारलं, "चौथी का न्हाई उसवली?"

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "माझी उंचीच थांबली, आबा. तुमच्यावर गेले ना मी. बुटकी."

तुमच्यावर गेले. एवढं बोलली आणि पुढची शेंग फोडू लागली.

मी घरातून दाढीचं पातं आणलं. हिरा म्हणाली, "आता कशाला? कोन घालनार हाय?" मी म्हणालो, "तू गप." डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. काळा दोरा जुना झालेला, पातं टेकवलं की तटकन तुटायचा. एकेक टाका, कडेपासून कडेपर्यंत. मग दुमड अंगठ्यानं दाबून उलगडली.

आतून चार बोटं कापड निघालं. पौडात गड्यानं फळीवर ठाण आपटलं होतं तेव्हाचं, पोटरीला आलेल्या भाताचं हिरवं, जसंच्या तसं. मामीनं दुमडल्यापासून त्याला ऊन लागलं नव्हतं. डांबरगोळीचा वासही तिथवर पोचला नव्हता. मी नाक लावून बघितलं. एवढं चार बोटं तरी दत्तूनं उसवलेलं नाही.